‘चालते आहे, मग चालू द्या’ हे बरोबर नव्हे!

मोटारगाडीचा विषय निघाला की आपण इंजिनाचे कौतुक करतो, वेगाचे करतो. पण चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये बसलेल्या मूठभर रबराची आठवण कोणाला होत नाही. हे रबर म्हणजे सस्पेन्शनचे बुश. ते झिजले तरी ‘गाडी चालते आहे ना, मग चालू द्या’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आमच्या मते हा विचार अशास्त्रीय आहे आणि धोक्याचाही आहे.

बुशची रचना साधी असते. एकात एक अशा दोन पोलादी नळ्या आणि त्यांच्यामध्ये घट्ट चिकटवलेले रबर. आतली नळी बोल्टने सांगाड्याला पक्की केलेली असते. बाहेरची नळी चाकाला धरून ठेवणाऱ्या आर्ममध्ये दाबून बसवतात. चाक खड्ड्यात गेले की आर्म खालीवर होतो आणि मधले रबर पिळले जाते. धातूवर धातू घासत नाही, म्हणून वंगण लागत नाही. आणि रस्त्याची थरथरही पुष्कळशी रबरातच जिरते.

गंधक मिसळून तापवलेले रबर चिवट होते, हे अमेरिकेतील चार्ल्स गुडइअर यांना १८३९ साली आढळले. पण असे रबरही अमर नाही. उष्णता, हवेतील ऑक्सिजन व ओझोन आणि रोजचे पिळणे यांमुळे त्याला भेगा पडतात. पाहा बरे करून: एक रबरबँड दोन खिळ्यांवर ताणून काही आठवडे उन्हात ठेवा, दुसरा डब्यात ठेवा. मग दोन्ही ओढून पाहा.

भेगाळलेले बुश चाकाला जागेवर धरू शकत नाही. प्रथम खड्ड्यात खट्खट् आवाज येतो. मग टायर एका कडेने झिजू लागतात. पुढे ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढली जाते. पावसाळी रस्त्यावर, समोरून ट्रक येत असताना असे झाले तर? बुशाचे पैसे वाचवणारा टायरचे पैसे घालवतो आणि माणसांचा जीवही पणाला लावतो.

कोणी म्हणेल, थोडे तेल सोडले की आवाज थांबेल. पण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते व मऊ पडते. म्हणजे औषधच रोग वाढवते. खरा उपाय एकच: जुने बुश प्रेसने काढून नवे बसवणे, तेही दोन्ही बाजूंचे. यातही एक मेख आहे. चाक अधांतरी लोंबत असताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली टेकताच नवे रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. म्हणून अशा बुशांचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे असतात. मग चाकांची दिशा, म्हणजे अलाइनमेंट, तपासून घ्यायची.

गाडीखाली जाण्याचे काम जाणत्या मेकॅनिकचे. ते तुम्ही करू नका. पण घरच्या, शेजारच्या किंवा शाळेच्या गाडीतून जाताना कान उघडे ठेवा. खट्खट् ऐकू आली, तर मोठ्यांना जरूर सांगा, आणि त्यांनी ‘का?’ विचारले, तर तो रबरबँड दाखवा.