न्यूनतम दराचा निवारा

महापालिकेत एखाद्या वस्तूची खरेदी कशी होते, हे सांगण्यासाठी कोणा तज्ज्ञाची गरज नाही. जाहिरात निघते, लखोटे उघडले जातात आणि ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम मिळते. खडी, डांबर, कचऱ्याचे डबे यांच्यापुरती ही रीत समजण्यासारखी आहे. परंतु पदपथावर निजणाऱ्या माणसाला आधार देण्याचे कामही जर याच मापाने विकत घेतले जाणार असेल, तर त्याला सेवा म्हणावे की सेवेची विटंबना?

२०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर नोंदले गेले. त्यांपैकी ९ लाखांहून अधिक शहरांत होते, तर एकट्या महाराष्ट्रात २ लाखांहून अधिक. मुंबईचा आकडा ५७ हजारांच्या घरात दाखवला गेला. रात्री मोजणीला येणाऱ्याला पाहून पोलीस आले म्हणून पळणारे यात किती सुटले असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

डिसेंबर २००९ मध्ये दिल्ली महापालिकेने पुसा रोडवरील तात्पुरता निवारा ऐन थंडीत पाडून टाकला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये न्यायालयाने मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक, बारा महिने चोवीस तास चालणारा निवारा उभारण्याचा आदेश दिला. या हिशेबाने मुंबईच्या वाट्याला सव्वाशेच्या आसपास निवारे येतात. त्याच्या निम्म्यापर्यंतही महानगरपालिका पोहोचलेली नाही. याचिका करणाऱ्यांच्या विचारसरणीशी आमचे मतभेद जगजाहीर आहेत; पण या प्रकरणात ते न्यायालयाच्या दारी गेले आणि आम्ही गेलो नाही, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पुढे २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आले. त्यात शहरी बेघरांच्या निवाऱ्यांसाठी स्वतंत्र योजना होती. नंतर या अभियानाला पं. दीनदयाळ उपाध्याय यांच्या अंत्योदयाचे नाव जोडले गेले, तेव्हा आम्हा सर्वांना आनंद झाला. मात्र नाव बदलल्याने हिशेबाची वही बदलली नाही. पन्नास जणांच्या निवाऱ्याच्या देखभालीसाठी वर्षाला ६ लाख रुपये, असे त्या योजनेचे प्रमाण होते. भागाकार करून पाहा. माणशी दिवसाला ३३ रुपयेही पडत नाहीत! त्यातच तीन पाळ्यांचे व्यवस्थापक, वीज, पाणी, स्वच्छता आणि अंथरूण-पांघरूण. या रकमेतही आपण आणखी कमी दरात काम करू, असे सांगणारा ठेकेदार जेथे निवडला जातो, तेथे तो पैसा कोठून वाचवणार? माणसाच्या वेळेतूनच. रात्रपाळीला एक पहारेकरी बसवायचा, वहीत अंगठे घ्यायचे आणि देयक सादर करायचे. कोणाचे शिधापत्रिकेचे काम अडले आहे, कोण क्षयाची औषधे मध्येच सोडून बसला आहे, कोणाला गावी परत जायचे आहे, हे विचारण्याचा रकाना त्या वहीत नसतो. आणि नसलेल्या रकान्याचे पैसे कोणी देत नाही.

मुळात चूक ठेकेदाराची नाही. महापालिका खाटा विकत घेते म्हणून तो खाटा विकतो. निवाऱ्यातून किती जण भाड्याच्या खोलीत गेले, किती जणांना नियमित काम मिळाले, किती मुले शाळेत टिकली, हे मोजायचे ठरवले असते तर विकणाराही वेगळा आला असता.

ज्यांच्याकडून आपण निविदांचे हे शास्त्र उचलले, त्या पाश्चात्त्य जगाचा अनुभव काय आहे? इंग्लंडमध्ये एप्रिल २००३ पासून बेघर व दुर्बल व्यक्तींना घर टिकवून ठेवण्यास मदत करणारी सेवा स्थानिक परिषदांमार्फत संस्थांकडून घेतली जाऊ लागली. त्यासाठी सुमारे १८० कोटी पौंडांचा राखीव निधी होता. २००९ मध्ये या निधीची राखीव तटबंदी काढली गेली. पुढे परिषदांच्या तिजोऱ्या आटल्या आणि पहिली कात्री या सेवेला लागली. २०१० मध्ये इंग्लंडच्या रस्त्यांवर एका रात्रीत १,७६८ माणसे मोजली गेली होती. २०१६ मध्ये ती ४,१३४ झाली. वाढती घरभाडी आणि कल्याणकारी भत्त्यांतील कपात यांचाही त्यात वाटा होता, हे खरेच. पण सेवेच्या नावाने खोल्या भाड्याने देऊन सरकारी पैसा उकळणारे घरमालक बर्मिंगहॅमसारख्या शहरांत इतके माजले की, २०२३ मध्ये त्यांना वेसण घालण्यासाठी संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्या वाटेवर साहेब ठेचकाळला, त्याच वाटेवर आपण त्याचे जुने बूट घालून निघालो आहोत.

वास्तविक दुसऱ्याच्या दारी शिकायला जाण्याची आपल्याला गरज नव्हती. हातात खराटा घेतलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या, त्या कोणत्या निविदेने? परळला टाटा रुग्णालयाच्या परिसरात नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून परगावच्या रुग्णांची सोय पाहते. यमगरवाडीला पारध्यांची मुले शिकू लागली ती कार्यकर्ते तेथे मुक्कामाला राहिले म्हणून. या कामांत खाट ही सुरुवात असते. तेथून पुढे माणसाशी नाते जुळते आणि ते वर्षानुवर्षे टिकवावे लागते.

‘हे लोक बाहेरचे, व्यसनी, यांना निवारा दिला तर आणखी येतील,’ हा सूर आपल्याच सोसायट्यांच्या सभांतून ऐकू येतो. जरा खाली उतरून पाहावे. आपल्या उड्डाणपुलाखाली निजणारा पारधी हा १८७१ च्या इंग्रजी कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या समाजाचा वंशज आहे. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण संशय गेला नाही. शेजारी दुष्काळी तालुक्यातून आलेला बिगारी असतो, ज्याने आपलीच इमारत बांधली. पावसाळ्यात निळ्या ताडपत्रीखाली लेकरे घेऊन बसलेली त्याची बायको निवाऱ्यात का जात नाही? नवऱ्याला एका निवाऱ्यात आणि बायको-मुलांना दुसऱ्यात पाठवणारी व्यवस्था तिला नको आहे. पहाटेचा मजूरनाका सोडून दूरच्या उपनगरात झोपायला जाणे तिला परवडत नाही. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्या आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला हवे काय?

या अभियानाची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. त्यामुळे पुढच्या करारांत काय लिहिले जाते, याकडे प्रत्येक प्रभागातील कार्यकर्त्याने डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. दर हा निवडीचा एकमेव निकष नको. करार किमान तीन वर्षांचा हवा, कारण रस्त्यावरच्या माणसाचा विश्वास अकरा महिन्यांत मिळत नाही. कुटुंबासाठी स्वतंत्र खोल्या हव्यात आणि त्या मजूरनाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर हव्यात. देयकाचा काही भाग खाटांवर नव्हे, तर स्वतःच्या छपराखाली गेलेल्या कुटुंबांवर द्यावा. आणि दर तिमाहीची तपासणी अधिकाऱ्याने एकट्याने न करता प्रभागातील नागरिकांना, विशेषतः भगिनींना, बरोबर घेऊन करावी. तीही रात्री अकरानंतर, आगाऊ कळवल्याशिवाय.