वाचन-लेखनाच्या पाठात वर्षावन

भाषेचा तास म्हणजे धडा वाचणे, शब्दार्थ उतरवणे आणि स्वाध्यायाची उत्तरे पाठ करणे, ही समजूत आपल्याकडे इतकी रुळली आहे की रानाचा अभ्यास हा भाषेचाच अभ्यास होऊ शकतो असे म्हटले, तर पालकांच्या कपाळावर आठी उमटते. रान हा परिसर अभ्यासाचा, फार तर सहलीचा विषय. त्याचा वाचता-लिहिता येण्याशी काय संबंध? आमचे मत नेमके उलट आहे. समोर जाणून घेण्याजोगे काही असले की मूल वाचू लागते आणि मनात सांगण्याजोगे काही साठले की लिहू लागते. सह्याद्रीच्या उतारावरील शाळेला ही दोन्ही साधने सदाहरित वर्षावनाइतकी विपुल अन्यत्र मिळणार नाहीत.

प्रश्न किती गंभीर आहे, हे आपण जाणतो. २०२२ च्या ‘असर’ अहवालानुसार देशातील इयत्ता तिसरीच्या जेमतेम पाचव्या हिश्शाच्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. अक्षरे ओळखूनही अर्थापर्यंत न पोहोचणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्या हाती आपण ‘वृक्ष आपले मित्र’ हा निबंध देतो आणि चाळीस वह्यांत एकच निबंध उमटतो. त्यातले एकही वाक्य मुलाचे नसते. वर्षावनाचे म्हणाल, तर ते बहुतेकांना भिंतीवरील तक्त्यातच भेटते. ॲमेझॉन, तेथील जग्वार आणि लांब चोचीचा टूकन. ॲमेझॉन अवश्य शिकवावे. ते पृथ्वीवरील सर्वांत मोठे वर्षावन आहे. पण राधानगरी, चांदोली, कोयना, आंबोली ही नावे त्याआधी यायला हवीत. (चित्रातल्या वर्षावनात मुले हटकून सिंह काढतात, तेही मग आपोआप थांबेल.)

या रानातून भाषा कशी शिकवावी, याचे एक उदाहरण देतो. आंबोलीला वर्षाकाठी सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस पडतो. अशा रानातल्या अनेक झाडांच्या पानांची टोके लांब, निमुळती असतात. असे एक पान आणि एक बोथट टोकाचे पान मुलांच्या हाती द्यावे, दोन्हींवर पाणी ओतावे आणि काय दिसले ते लिहावयास सांगावे. पहिले वाक्य येते, ‘पाणी खाली पडले.’ मग ‘का?’ असे विचारले की ‘कारण’ हा शब्द लागतो. ‘पान कोरडे राहिले तर काय होईल?’ असे विचारले की ‘जर-तर’ लागते. उभयान्वयी अव्यये व्याकरणाच्या तासाला यादीतून पाठ करून घेतली जातात. येथे ती गरज म्हणून येतात, आणि गरजेपोटी आलेला शब्द सहसा विसरत नाही.

धनेशाची, म्हणजे कोकणातल्या ककणेराची, गोष्ट घ्या. अंडी घालण्याच्या वेळी मादी झाडाच्या ढोलीत शिरते, तोंड लिंपून घेते आणि एक फट तेवढी ठेवते. नर त्या फटीतून तिला फळे भरवीत राहतो. त्याने खाल्लेल्या फळांच्या बिया रानभर पसरतात. एवढा मजकूर वाचल्यावर मुले विचारतात की नर मेला तर काय होईल, ढोलीचे झाड तोडले तर काय होईल. हे प्रश्न फळ्यावर लिहावेत आणि उत्तरे शोधण्यासाठी दुसरा मजकूर द्यावा. प्रश्न मनात घेऊन वाचणारे मूल अडलेल्या शब्दापाशी थांबते, मागे जाते, पुन्हा वाचते. आकलन म्हणतात ते हेच. परीक्षेतला अपठित उतारा याहून वेगळे काही मागत नाही.

हा मार्ग नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम करताना, गुरे राखणाऱ्या मुलांपाशी शाळा नेली; तिला कुरणशाळा म्हणत. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी रानातल्या माणसांच्या तोंडचे शब्द आयुष्यभर वेचले आणि मराठीला कोश दिले. आपल्या वसतिगृहातील मुलेही घरून असे शब्द घेऊन येतात. अंजनी, कुंभा, गेळा, किंजळ ही झाडे त्यांना ठाऊक असतात. गारंबीची हाताहून लांब शेंग त्यांनी खेळायला वापरलेली असते. शाळेत मात्र ‘हे शब्द पुस्तकात नाहीत’ असे ऐकून ती गप्प होतात. पहिला शब्दकोश वर्गाने स्वतः लिहावा, घरच्या बोलीतले नाव आधी आणि पुस्तकी नाव नंतर, असा आमचा आग्रह आहे.

या आग्रहामागचे कारण केवळ भाषेचे नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारसा ठरली; त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार आहेत. या रानाविषयी पुष्कळ लिहिले गेले, परंतु ज्यांची गावे धरणासाठी आणि अभयारण्यासाठी उठली, त्यांच्या हातचे त्यात फारच थोडे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनी पुराव्यांच्या यादीत वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले कथनही धरले आहे. इतर पारंपरिक वननिवासींना तर ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. आजीची साक्ष कागदावर कोण उतरवणार? नात उतरवू शकली, तर भाषेच्या तासाचे चीज झाले. आजीला विचारायचे प्रश्न आधी लिहिणे, तिचे शब्द तिच्याच बोलीत टिपणे, मग वाचून दाखवून दुरुस्त करून घेणे, ही लेखनाची तालीम पाठ्यपुस्तकाबाहेर पडल्याशिवाय होत नाही.

यात अडचणी आहेत. रानाने बाराखडी येत नाही. ती रोज गिरवावी, वाचावी लागते, आणि त्यात सूट देणाऱ्या नव्या पद्धतींवर आमचा विश्वास नाही. शिक्षकालाही तयारी करावी लागते. चार पाने वेचून आणली म्हणजे पाठ झाला असे नव्हे. वेळेचे म्हणाल, तर आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा वर्षावासाचा काळ आम्हांला सर्वांत योग्य वाटतो. रान तेव्हाच भरात असते, आणि वस्त्यावस्त्यांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे सामुदायिक वाचन चाललेले असल्याने मोठ्याने वाचणे, ऐकणे, थांबून अर्थ विचारणे मुलांच्या कानांवरून जात असते.

माजी विद्यार्थ्यांपाशी एक मागणे आहे. आपापल्या गावची झाडे, पाखरे, ओढे, देवराया यांची बोलीतली नावे आणि घरातील वृद्धांनी सांगितलेल्या रानाच्या आठवणी लिहून शाळेकडे पाठवाव्यात. अक्षर वळणदार नसले तरी चालेल; मजकूर ठळक आणि सुटा असावा, कारण तो तिसरी-चौथीची मुले वाचणार आहेत. नावाबरोबर झाडाचे एक पान वर्तमानपत्रात दाबून, वाळवून पाठवले तर उत्तम. आषाढापूर्वी हे साहित्य हाती आले, तर येत्या वर्षावासातच त्यातून पहिली वाचनपुस्तिका तयार करता येईल.