उरलेले ९९८.५ मिलिग्रॅम

इगतपुरीत पावसाळाभर ऊन शोधावे लागते. त्यामुळे आमच्या वयाच्या बऱ्याच जणांकडे ड जीवनसत्त्वाची पुडी असतेच, आठवड्याला एक, ६०,००० युनिटांची. म्हणजे दीड मिलिग्रॅम. आणि पुडी १ ग्रॅमची! मग उरलेले ९९८.५ मिलिग्रॅम काय? (मास्तरकीची खोड, दुसरे काय!) बऱ्याच पुड्यांत साखर. गोळ्यांमध्ये स्टार्च, लॅक्टोज, सेल्युलोज. यंत्राला चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट. ही भेसळ नव्हे, हे आधीच सांगतो. चिमटीतही न येणारे औषध भरावाशिवाय द्यायचे तरी कसे?

माझा आक्षेप वेगळा आहे. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर मैद्यापासून सगळे घटक छापलेले असतात. माझ्या गोळ्यांच्या पट्टीवर मात्र 'एक्सिपियंट्स क्यू.एस.' एवढेच. हे क्यू.एस. लॅटिन, अर्थ 'पुरेल इतके'. अहो, पण काय? दूध न पचणाऱ्याला लॅक्टोज, शाकाहाऱ्याला कॅप्सूलचे जिलेटिन (जनावरांच्या हाडाकातड्याचे असते ते) कळायला नको? टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा रंग युरोपीय संघाने २०२२ मध्ये खाद्यपदार्थांतून काढला, औषधांत राहू दिला. माझ्या गोळीत तो आहे की नाही, निदान वाचता तरी यावे. जागा नाही म्हणू नका, कंपनीचे नाव एकाच पट्टीवर चार वेळा छापलेले आहे.