श्रावकाचार : घरात शिरलेला उंदीर



आषाढ सरत येतो, घरोघर चातुर्मासाचे नियम घेतले जातात आणि त्याच दिवसांत बिळांत पाणी शिरल्यामुळे उंदीर माणसाच्या घराचा आसरा शोधू लागतो. भगिनींच्या बोलण्यात या काळात एक प्रश्न हमखास निघतो. स्वयंपाकघरात उंदीर दिसला. त्याला मारावयाचे नाही, हे तर ठरलेलेच. मग करावयाचे काय? उत्तर बहुधा एका शब्दात मिळते : पिंजरा. उंदीर पकडला, गावाबाहेर नेऊन सोडला, हात जोडले, जीवदया झाली. एवढ्याने जीवदया पूर्ण होते का, याचा विचार आज करू.

विचारासाठी एक गाव डोळ्यांसमोर ठेवू. ते म्हणजे पालघर जिल्ह्यातील जव्हार तालुक्यातले वांगणी. मध्य रेल्वेवर बदलापूरच्या पुढे लागणारे वांगणी वेगळे. हे डोंगराळ, आदिवासी वस्तीचे वांगणी आहे. शेजारच्या वावर गावासह ‘वावर-वांगणी’ हे जोडनाव १९९२-९३ मध्ये महाराष्ट्रभर पोहोचले, ते तेथे कुपोषणाने दगावलेल्या बालकांमुळे. जव्हार-मोखाड्याच्या उतारांवर नागली आणि वरई पिकते, खाचरांत भात होतो. पीक हाती आले की ते बांबूच्या, शेणामातीने लिंपलेल्या कणगीत जाते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांच्या आणि बांधकामाच्या कामाला बाहेर पडतात. पावसाळ्यात शेतीची कामे ऐन भरात असतात, तेव्हाच कणगीचा तळ दिसू लागतो.

अशा घरात उंदीर शिरणे म्हणजे काय, याचा हिशेब व्यापारी माणसाला सहज कळेल. घरातला लहान उंदीर दिवसाला सुमारे तीन ग्रॅम धान्य खातो, म्हणजे वर्षाला किलोभर. खातो त्याहून अधिक तो नासवतो, कारण एका दिवसात तो पन्नासहून अधिक लेंड्या टाकतो आणि चालता चालता मूत्र सांडतो. उंदरीची पिल्ले अवघ्या एकोणीस ते एकवीस दिवसांत जन्मतात, एका वेळी पाच ते आठ होतात, आणि ती स्वतः दीड-दोन महिन्यांत प्रजननक्षम होतात. मोठ्या गोदामात ही तूट खर्चात धरली जाते. ज्या घरात वर्षाचे धान्य एका कणगीत मावते, तेथे ही तूट मुलाच्या ताटातून जाते. म्हणून उंदरावर दया करताना या घराचा विसर पडता कामा नये.

आरोग्याची बाजूही तितकीच खरी आहे. २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा रुग्ण ओळखला. मांडवी म्हणजे बंदरालगतची धान्याच्या गोदामांची वस्ती, व्यापाऱ्यांचा भाग. पुढे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्यकाने कराचीत दाखवून दिले, की हा रोग उंदराच्या अंगावरील पिसवांमार्फत पसरतो. आजही पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून येतो. तेव्हा ‘राहू दे बिचारा’ म्हणून उंदराला घरात नांदू देणे हीदेखील दया नव्हे. त्या दयेचा भार घरातील लहान मूल आणि आजारी माणूस उचलतात.

येथे कोणी म्हणेल, की मग उंदीर मारणे ही विरोधी हिंसा मानावी. गृहस्थाला स्वसंरक्षणाची मोकळीक आहेच. परंतु विरोधी हिंसेत समोर आक्रमण करणारा असावा लागतो. उंदीर वैर धरून येत नाही. त्याला भूक आणते, ओल आणते आणि आपण उघडी ठेवलेली फट आत घेते. विचारपूर्वक विष मांडून त्याच्या मरणाची वाट पाहणे ही संकल्पी हिंसाच होय, आणि तिचा त्याग तर अणुव्रती श्रावकाच्या पहिल्याच व्रतात आहे.

त्या पहिल्या व्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत आणि ते दिगंबर-श्वेतांबर दोघांनाही मान्य आहेत : बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि अन्नपाननिरोध. प्रवचनांत ते बहुधा गाई-बैलांची उदाहरणे देऊन समजावले जातात. हीच कसोटी उंदराच्या पिंजऱ्याला लावून पाहिली, तर त्यांतील चार अतिचार तेथे स्पष्ट दिसतात.

बंध म्हणजे कोंडून ठेवणे. पिंजरा लावणे अपरिहार्य झाले तरी कोंडण्याचा काळ किमान असावा. रात्री लावलेला पिंजरा दुसऱ्या दिवशी दुपारी आठवणे, किंवा तो उन्हात, पावसात ठेवणे हा बंधाचा अतिरेक होय. वध म्हणजे ताडन. पिंजरा हलवून, काठीने टोचून मुलांना गंमत दाखवणे यात मोडते. छविच्छेद म्हणजे अवयवांना इजा करणे. ग्लू पॅड नावाने मिळणारा चिकट पुठ्ठा नेमके हेच करतो. उंदीर सुटण्यासाठी धडपडतो, त्याची कातडी सोलते, कधी तो स्वतःचा पाय कुरतडतो, आणि तासन्‌तास किंवा दिवसभर तडफडून मरतो. चापात तंगडी किंवा शेपूट अडकणे हाही छविच्छेदच. अन्नपाननिरोध म्हणजे अन्नपाणी तोडणे. पिंजऱ्यात सापडलेला लहान जीव उपाशी फार काळ तग धरत नाही. चिचुंद्री सापडली तर ती काही तासांतच मरू शकते, कारण तिला सतत खावे लागते. चिचुंद्री ही उंदराच्या कुळातली नव्हे. ती झुरळे आणि किडे खाते, धान्याचा फडशा पाडत नाही. ती सापडल्यास लगेच सोडावी.

‘मी मारला नाही’ हे वाक्य त्यामुळे अपुरे पडते. पिंजरा विसरणाऱ्याने मारले नसेलही; मात्र व्रताचा अतिचार त्याच्याकडून घडला.

विषाची गोष्ट याहून गंभीर आहे. दुकानांत मिळणाऱ्या अनेक उंदीरनाशक वड्यांमुळे रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते. उंदीर काही दिवस आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. असा उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला, तर विष त्यांच्याही पोटात जाते. पिवळ्या फॉस्फरसचे मलम माणसाच्या पोटात गेले तर यकृत निकामी होते आणि त्यावर उतारा नाही. लहान मुले असलेल्या घरात ते ठेवणे हे सर्व दृष्टींनी अविचाराचे आहे. उंदीर मारण्यासाठी मांजर पाळावे, असेही सुचवले जाते. पंधरा कर्मादानांतील असतीपोषण आठवल्यास तो मार्ग श्रावकाचा नाही, हे वेगळे सांगावयास नको.

मग करावे काय? जयणा पिंजऱ्याच्या कितीतरी आधी सुरू होते. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर आत येतो. दाराच्या उंबऱ्याजवळची फट, मोरीचे तोंड, गॅसची व पाण्याची नळी भिंतीतून जाते ती जागा, माळ्याची कौले, ही स्थाने एकदा दिवा घेऊन तपासावीत. फट तारेच्या घासणीने गच्च भरून वर सिमेंट लिंपावे; नुसते कापड किंवा लाकूड उंदीर कुरतडतो. मोरीला बारीक जाळी बसवावी. धान्य पत्र्याच्या, घट्ट झाकणाच्या कोठीत ठेवावे. गोदामातील पोती जमिनीपासून वर फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर रचावीत, म्हणजे मागे बीळ झाले तर दिसते.

आपल्या घरांत रात्रिभोजनत्यागाचा नियम असतो, तो येथे मोठा साहाय्यक ठरतो. उंदीर रात्री अन्न शोधतो. सूर्यास्तापूर्वी स्वयंपाकघर आवरून, उष्टे-खरकटे बाहेर काढून, ओटा कोरडा केलेल्या घरात त्याला थांबण्याचे कारण उरत नाही. मात्र एका पुण्यकर्माकडे लक्ष द्यावे. गच्चीवर कबुतरांसाठी टाकलेले ज्वारी-बाजरीचे दाणे रात्री तसेच राहिले, तर ते उंदरांचे आमंत्रण होते. दाणे सकाळी, पक्षी संपवतील एवढेच टाकावेत आणि सायंकाळी जागा झाडून घ्यावी.

उंदीर आत आलाच असेल, तर दोन्ही बाजू सांभाळणारा क्रम असा. प्रथम घरटे आहे का, ते पाहावे. कपाटामागे चिंध्यांत डोळे न उघडलेली पिल्ले दिसली, तर आईला पकडून दूर सोडणे म्हणजे पिल्लांना उपाशी मारणे होय. पिल्ले साधारण तीन आठवड्यांत दूध सोडतात; तोवर धान्य बंद ठेवून थांबता येते. एरवी जिवंत पकडणारा जाळीचा पिंजरा लावावा. त्यात शेंगदाणे आणि पाण्यासाठी काकडीचा तुकडा ठेवावा, थोडा कागद किंवा कापूस टाकावा. पिंजरा दर दोन-तीन तासांनी पाहावा. झोपण्यापूर्वी पाहिला आणि पहाटे उठताच पाहिला, तरच तो रात्री लावावा. एरवी बंद करून ठेवावा. उंदीर सापडल्यावर पिंजऱ्यावर कापड टाकावे, म्हणजे तो शांत राहतो.

कोठे सोडावा, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. चार-पाच कोस दूर नेलेला घरातला उंदीर बहुधा जगत नाही. त्याला बीळ ठाऊक नसते, अन्न ठाऊक नसते आणि तेथील उंदीर त्याला टिकू देत नाहीत. म्हणून तो शंभरेक मीटरच्या आत, पाऊस नसताना, संध्याकाळी, झाडोरा किंवा दगडांचा आडोसा असेल तेथे सोडावा आणि घराची फट त्याच दिवशी बुजवावी. फट न बुजवता दूर सोडण्याचा सोस करणे हे काम अर्धवट टाकणे होय. शेजाऱ्याच्या गोदामाजवळ, कोणाच्या खळ्यावर किंवा पाड्याच्या कडेला तर मुळीच सोडू नये. बाजारपेठेतला उंदीर वांगणीसारख्या गावाच्या कणगीपाशी नेऊन सोडला, तर आपली तूट आपण भुकेल्याच्या माथी मारली. त्यात जीवदया तर नाहीच, अचौर्यालाही बाध येतो.

लेंड्या कोरड्या झाडू नयेत. धूळ उडून नाकात जाते. जंतुनाशक पाण्याने भिजवून, हातमोजे घालून पुसाव्यात. कोणी लावलेल्या चिकट पुठ्ठ्यावर जिवंत प्राणी दिसला तर त्याला ओढू नये. चिकटलेल्या जागी खाद्यतेल हलक्या हाताने चोळावे, तो सुटतो.

आता घरातून दुकानात येऊ. आपल्यांपैकी अनेकांच्या किराणा दुकानांत ग्लू पॅड आणि उंदीरनाशक वड्या विकावयास असतात. घरात एका उंदरासाठी पिंजरा तपासणारा श्रावक दुकानातून वर्षाला शेकडो उंदरांच्या मरणाचे साहित्य विकत असेल, तर नियम कोठे पाळला गेला? पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. शस्त्र, विष यांसारखी हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे हिंसादान, हा अनर्थदंडाचा प्रकार. ‘मी न विकले तर शेजारचा विकेल’ हे उत्तर व्यवहाराचे असेल, व्रताचे नाही. कायद्याचा ओघही याच दिशेने आहे. प्राण्यांना विनाकारण वेदना देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने ग्लू पॅडविरुद्ध राज्यांना लिहिले आहे, आणि इंग्लंडमध्ये ३१ जुलै २०२४ पासून परवान्याशिवाय उंदरांसाठी ग्लू पॅड लावणे गुन्हा ठरले आहे.

मात्र फळीवरून विष काढून टाकले म्हणजे दुकानदाराचे काम संपले, असे नाही. जव्हार-मोखाड्याच्या बाजारात नागली वाचवण्यासाठी औषध मागावयास आलेला शेतकरी रिकाम्या हाताने परत गेला, तर त्याचे धान्य उंदीर खाणारच. त्याला उपदेश ऐकवणे अनुचित होईल. त्याला पत्र्याची, झाकणाची कोठी हवी असते, आणि तिची किंमत एकदम देणे त्याला जड जाते. येथे व्यापाऱ्याला खरी संधी आहे. कोठी मूळ भावात द्यावी, पैसे पीक आल्यावर हप्त्यांनी घ्यावेत, व्याज लावू नये. कोठीत धान्य वाचते, मुलांचे ताट भरते, आणि खावयास काही न सापडल्याने उंदीर आपल्या पायांनी निघून जातो. संघांकडे जीवदयेचा निधी असतो. त्यातून अशा काही कोठ्या वांगणीसारख्या गावांत पोहोचल्या, तर एका खर्चात दोन जीवांचे रक्षण होईल. पर्युषणापूर्वी होणाऱ्या संघाच्या बैठकीत हा विषय अवश्य मांडावा.

या चातुर्मासात तीन छोटे नियम घेता येतील. घरातील सर्व फटी पर्युषणापूर्वी बुजवीन. पिंजरा लावला तर तो वेळेवर पाहण्याची जबाबदारी घरातील एका व्यक्तीच्या नावे राहील. दुकानात ग्लू पॅड आणि उंदराचे विष नव्याने भरणार नाही. या नियमांना मोठा त्याग लागत नाही, नित्य जागरूकता मात्र लागते.