साखर सुटली, पण गोड सुटले का?



'साखर बंद करा, त्याऐवजी गूळ घ्या' हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी रुग्णास सांगितले आहे. आम्हीही ते अनेक वर्षे सांगत आलो. प्रस्तुत लेख हा त्या सवयीचा फेरविचार आहे, आणि त्याचा आरंभ आम्ही स्वतःपासूनच करीत आहोत.

प्रमेहाचे निदान झालेले एक निवृत्त शिक्षक दोन वर्षे आमच्याकडे येत होते. साखर त्यांनी निष्ठेने सोडली होती. औषध नियमित, फिरणे नियमित. तरी रक्तशर्करा खाली येईना. अखेर एके दिवशी त्यांना समोर बसवून सकाळपासून रात्रीपर्यंतच्या प्रत्येक गोड घासाची आम्ही नोंद केली. पहाटे पाण्यातून एक चमचा मध. दिवसभरात गुळाचे चार कप चहा, प्रत्येकी सुमारे १० ग्रॅम गूळ. सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा च्यवनप्राश. दुपारी चार खजूर. खजूर फळ म्हणून बाजूला ठेवला तरी उरलेल्या पदार्थांतील शर्करा ५० ग्रॅमच्या घरात गेली. त्यांचे पथ्य मोडले नव्हते. आम्ही सांगितलेले पथ्यच सदोष होते, कारण हे सारे पदार्थ त्यांना आमच्याच सल्ल्याने मिळाले होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून कमी उष्मांक 'मुक्त शर्करे'पासून यावेत, आणि ते ५ टक्क्यांच्या आत आणता आल्यास अधिक हितकर, असे त्यांत म्हटले आहे. २००० उष्मांकांचा आहार धरल्यास ही मर्यादा अनुक्रमे ५० व २५ ग्रॅम होते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या मुक्त शर्करेत मध आणि फळांचा रस यांचीही गणना होते. अखंड फळातील व दुधातील स्वाभाविक शर्करा मात्र तीत धरलेली नाही.

म्हणजे खरा भेद 'नैसर्गिक' आणि 'कारखान्यातील' असा नसून, अन्नाच्या घटनेतच असलेली शर्करा आणि अन्नात वरून घातलेली शर्करा असा आहे. संत्रे खाल्ले तर चोथ्यासह, चावून, सावकाश पोटात जाते, आणि एका-दोन फळांत तृप्ती होते. तीन संत्र्यांचा गाळलेला रस मात्र दोन घोटांत संपतो. चुलाणावरच्या काहिलीत आटविलेला गूळ कितीही शुद्ध असला, तरी चहाच्या कपात तो वरून घातलेली शर्कराच होय. त्यात थोडे लोह आणि क्षार अधिक असतात हे खरे. परंतु उष्मांकांच्या दृष्टीने तो साखरेच्या अगदी जवळ आहे.

आपले शास्त्र याहून वेगळे सांगते काय? चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सहाव्या अध्यायात प्रमेहाचे हेतू सांगताना बैठ्या सुखाबरोबर आणि निद्रासुखाबरोबर दही, दूध, नवे धान्य यांची गणना केली आहे, आणि त्याच यादीत गुळाचे विकारही स्पष्टपणे नोंदविले आहेत. वाग्भटांनी नव्या गुळाला कफकर व अग्निमांद्यकर म्हटले आणि पथ्य म्हणून जुन्या गुळाचा गौरव केला. आपला रुग्ण बाजारातून जो गूळ आणतो, तो जुना असतो काय, हे आपण कधी विचारतो? मधाचा उष्णाशी संयोग शास्त्राने निषिद्ध मानला आहे. तरीही 'गरम पाण्यातून मध' हा उपचार आज आयुर्वेदाच्याच नावाने घरोघरी चालतो. तेव्हा गुळाला आणि मधाला सरसकट अभय देणे आधुनिक आहारशास्त्रास धरून नाही, आणि संहितांसही नाही.

दुसरा गोंधळ 'मधुर' या शब्दाचा. मधुर रस म्हणजे साखर नव्हे. तांदूळ, गहू, दूध, तूप हे सारे मधुर रसाचेच आहेत. शरीराच्या धारणेसाठी मधुर रसाचे महत्त्व वर्णन करणाऱ्या शास्त्राने चहातील चार चमच्यांची शिफारस केलेली नाही. त्याच मधुर रसाच्या अतियोगाने स्थौल्य, आलस्य, अग्निमांद्य होते हेही सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात सांगितलेले आहे. पहिला भाग सांगून दुसरा गाळणे हा शास्त्राशी अप्रामाणिकपणा ठरेल.

ऋतूचा विचारही आपण विसरत चाललो आहोत. हेमंतात, अग्नी प्रबळ असताना, चरकांनी उसाचे पदार्थ सेवन करण्यास सांगितले. आपल्या संक्रांतीच्या तिळगुळाशी हे जुळते. वसंतात मात्र कफ विलयन पावत असता गुरू, स्निग्ध, मधुर टाळावे असा उपदेश आहे. आणि गुढीपाडव्याला आपल्या ताटात काय असते? कडुनिंबाची चार पाने आणि वाटीभर श्रीखंड! सणाचे गोड सणाला खावे, याला आमची हरकत नाही. पण जे वर्षातून काही वेळा ताटात येत असे, ते आता दररोज बिस्किटे, शीतपेये आणि मिठाई यांच्या रूपाने येते. ३०० मिलिलिटर गोड शीतपेयात साधारणतः ३० ग्रॅम साखर असते. एका बाटलीतच दिवसाचा हिशेब संपला.

आता थोडे आपल्या औषधपेटीकडे वळू. सितोपलादि चूर्णाच्या ३१ भागांत १६ भाग खडीसाखर आहे. अविपत्तिकर चूर्णाचा निम्मा भाग शर्करा आहे. च्यवनप्राशाच्या पाठात मत्स्यंडिका अर्धी तुळा सांगितली आहे. या योजना शास्त्रोक्त आहेत, त्यांवर आमचा आक्षेप नाही. शिवाय मात्रा लहान असल्याने चूर्णांतून जाणारी शर्कराही अल्पच असते: ३ ग्रॅम सितोपलादि दोन वेळा दिले तर दिवसाला सुमारे ३ ग्रॅम. मात्र त्याचे अनुपान म्हणून दोन वेळा चमचाभर मध दिला, की आणखी १० ग्रॅमहून अधिक शर्करा जाते. औषधापेक्षा अनुपानच जड झाले! चार दिवसांच्या कासात हे क्षम्य आहे. प्रमेहीस महिनोन् महिने चालणाऱ्या अवलेहात ते क्षम्य नाही.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोक मधुमेही आहेत, तर सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. यांतील कितीतरी जण आपल्याकडे 'नैसर्गिक' उपायांच्या आशेने येतात. त्या आशेचा मान राखायचा असेल, तर पुढील गोष्टी आपण आपल्या चिकित्सालयापासूनच सुरू कराव्यात, असे आम्हांस वाटते.

प्रमेही व स्थूल रुग्णास 'साखर खाता का?' एवढेच न विचारता साखर, गूळ, मध, काकवी, फळांचा रस, बिस्किटे आणि औषधे या सर्वांची एकत्र नोंद घ्यावी. घरातील चमचा एकदा वजनावर मोजून पाहण्यास सांगावे. सपाट चमचा आणि शीग भरलेला चमचा यांत दुपटीचा फरक पडू शकतो. वेष्टित पदार्थांवरील एकूण शर्करा आणि वरून घातलेली शर्करा हे दोन्ही आकडे वाचण्यास शिकवावे. रस सोडून अखंड फळ घ्यावे, तेही अग्नी पाहून. चहातील गोड एकदम न तोडता दर आठवड्यास पाव चमचा कमी करावे. जिभेची सवय हळूहळू मोडते आणि टिकते. अवलेह व आसवारिष्टे लिहिताना त्यांतील शर्करेचा विचार करून, शक्य तेथे क्वाथ, वटी अथवा साधे चूर्ण योजावे. अनुपान दोषानुसार बदलावे. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी: इन्सुलिन किंवा रक्तशर्करा उतरविणारी औषधे घेणाऱ्या रुग्णास घाम, कंप, भोवळ ही लक्षणे दिसली, तर त्या क्षणी साखर देणे हीच चिकित्सा होय. आहार बदलताना त्यांची औषधे त्यांच्या चिकित्सकांशी विचार करूनच कमी-अधिक व्हावीत.

ते शिक्षक अजूनही आमच्याकडे येतात. गुळाचा चहा चारवरून एकावर आला आहे आणि त्यात गूळ अर्धा चमचा. मध व च्यवनप्राश आम्ही थांबविले. त्यांची रक्तशर्करा हळूहळू उतरू लागली आहे. मागच्या भेटीत ते म्हणाले, "वैद्यबुवा, हे दोन वर्षांपूर्वीच का नाही सांगितलेत?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. आपल्यापैकी कोणावरही असा प्रसंग येऊ नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.