पाठीराख्यांचा आवाज आणि मालकाची सही

इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉल क्लबांवर देखरेख ठेवणारा स्वतंत्र नियामक नेमण्याचा कायदा ब्रिटिश संसदेने जुलै २०२५ मध्ये केला. महत्त्वाच्या बाबींवर क्लबने आपल्या पाठीराख्यांचा सल्ला घेतला पाहिजे, बोधचिन्ह वा पोशाखाचे रंग मालकाच्या लहरीने बदलता कामा नयेत, नियामकाच्या संमतीवाचून मैदान विकता कामा नये, अशा तरतुदी त्यात आहेत. दीड तासाच्या करमणुकीसाठी संसदेने एवढा खटाटोप का करावा, असे आपल्याकडील वाचकास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या कायद्यामागे चाळीस वर्षांचा कडू अनुभव आहे, आणि त्या अनुभवातून सामान्य पाठीराख्यांनी स्वतः उभारलेल्या ट्रस्टांची चळवळही आहे. ज्यांच्या निष्ठेवर क्लब जगतो, त्यांना त्याच्या कारभारात केवळ बोलण्याचा हक्क असावा की मत देण्याचाही, हा प्रश्न त्या चळवळीने लावून धरला. नव्या कायद्याने त्याचे अर्धेच उत्तर दिले आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा प्रश्न मोठा कुतूहलाचा आहे. साबणाची एक वडी पसंत पडली नाही तर गिऱ्हाईक दुसरी घेते आणि कारखानदाराला आपली चूक उमगते. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली आपल्या प्रसिद्ध ग्रंथात मांडले, की असंतुष्ट माणसापुढे दोन मार्ग असतात : निघून जाणे किंवा आवाज उठवणे. फुटबॉलच्या पाठीराख्याला यांतला पहिला मार्ग जवळजवळ बंदच असतो. पोर्ट्समथच्या संघाने कितीही निराशा केली तरी तेथील माणूस शेजारच्या साउदॅम्प्टनचा पाठीराखा होत नाही. तिकिटाचे दर वाढले तर तो कुरकुरतो आणि पैसे मोजतो. सारांश, क्लबच्या मालकाला असा ग्राहक लाभलेला असतो की जो वडिलांकडून वारशाने आला आहे आणि मुलाला वारशाने मिळणार आहे. कोणत्याही मक्तेदाराला हेवा वाटावा अशी ही स्थिती आहे. निघून जाण्याचा मार्ग नसेल तर आवाज तरी हवा. आणि पाठीराख्यांच्या आवाजाला कायद्याच्या लेखी कित्येक दशके काहीच किंमत नव्हती.

क्लब म्हणजे नफ्याचे दुकान नव्हे, ही जाणीव इंग्लंडमध्ये मुळात नव्हती असे मात्र नाही. बहुतेक क्लब मर्यादित कंपन्या झाले तेव्हा फुटबॉल असोसिएशनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच त्यांच्या लाभांशावर मर्यादा घातली होती. क्लब बुडाला तरी त्याच्या मैदानाची विक्री करून भागधारकांनी गबर होऊ नये, अशीही व्यवस्था होती. १९८३ साली लंडनच्या टॉटनम हॉटस्पर या क्लबने वर एक नियंत्रक कंपनी स्थापली, तिचे समभाग शेअर बाजारात आणले आणि त्या नियमाला हळूच वळसा घातला. असोसिएशनने डोळेझाक केली. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, दूरचित्रवाणीचा पैसा वाहू लागला आणि मालकीहक्क ही एक मौल्यवान वस्तू ठरली. खालच्या श्रेणीतील क्लबांना त्या पैशाचा स्पर्श फारसा झाला नाही. वरच्यांची बरोबरी करण्याची हाव मात्र लागली.

त्याच १९९२ साली नॉर्थॅम्प्टन टाउन हा छोटा क्लब कर्जात गळ्याइतका बुडाला होता. खेळाडूंचे पगार थकले होते. पाठीराख्यांनी सभा भरवली, वर्गणी जमवली. परंतु जमलेला पैसा मालकाच्या हाती देण्याचे नाकारले. हीच या साऱ्या इतिहासातील कलाटणी होय. मदत मागायची तर आमचा माणूस संचालक मंडळावर घ्या, अशी त्यांची अट होती. त्यांच्यातील ब्रायन लोमॅक्स हे अशा रीतीने पाठीराख्यांनी निवडून दिलेले इंग्लंडमधील पहिले संचालक ठरले. २००० साली सरकारच्या साहाय्याने ‘सपोर्टर्स डायरेक्ट’ ही संस्था निघाली, तेव्हा तिचे नेतृत्वही त्यांच्याकडेच आले, आणि ठिकठिकाणी असे ट्रस्ट उभे राहू लागले.

‘ट्रस्ट’ या शब्दाने मराठी वाचकाची दिशाभूल होण्याचा संभव आहे. हे ट्रस्ट म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या आपल्याकडील विश्वस्त संस्था नव्हेत. त्या सहकारी कायद्याखाली नोंदलेल्या संस्था आहेत. वार्षिक वर्गणी भरणारा कोणीही सभासद होतो आणि समभाग कितीही असले तरी मत एकच. १८४४ साली रॉचडेलच्या विणकरांनी घालून दिलेले हे तत्त्व महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्यातही आहे, आणि शिक्षकांच्या वा नोकरदारांच्या पतपेढीचा सभासद असलेल्या कोणालाही ते नवे नाही. त्या तत्त्वाचे दुखणेही त्याला ठाऊक असते. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली वार्षिक सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरते, हे वाक्य आपल्याकडे सूचनापत्रात आधीच छापलेले असते.

सहकारी तत्त्वाची खरी कसोटी विंबल्डनमध्ये लागली. दक्षिण लंडनच्या या संघाने १९८८ साली लिव्हरपूलला हरवून एफ. ए. कप जिंकला होता. १९९१ मध्ये त्याचे प्लाउ लेन हे जुने मैदान सुटले आणि तो दुसऱ्याच्या मैदानावर बिऱ्हाडकरू म्हणून राहू लागला. पुढे मालकांनी क्लब सुमारे ९० किलोमीटर दूर मिल्टन कीन्स या नव्या शहरात हलवण्याचा घाट घातला. पाठीराख्यांनी निदर्शने केली, निवेदने दिली, सामन्यांवर बहिष्कार घातला. मे २००२ मध्ये असोसिएशनने नेमलेल्या त्रिसदस्य आयोगाने दोन विरुद्ध एक अशा मताने स्थलांतरास संमती दिली. पाठीराख्यांनी नवा क्लब काढणे फुटबॉलच्या व्यापक हिताचे ठरणार नाही, असाही शेरा त्या निर्णयात होता. आवाज सर्वांनी ऐकला होता; मत देण्याचा अधिकार मात्र त्यांतल्या एकालाही नव्हता.

त्यांनी नवा क्लब काढलाच. जून २००२ मध्ये विंबल्डन कॉमनच्या मोकळ्या माळावर दोनशेहून अधिक होतकरू खेळाडू निवडचाचणीस आले. राष्ट्रीय रचनेत नवव्या पायरीवर असलेल्या प्रादेशिक लीगमध्ये ए. एफ. सी. विंबल्डन हा संघ उतरला, आणि त्याची मालकी ‘डॉन्स ट्रस्ट’ या पाठीराख्यांच्या संस्थेकडे राहिली. नऊ वर्षांत पाच बढत्या मिळवून २०११ साली तो फुटबॉल लीगमध्ये पोचला. मिल्टन कीन्सला गेलेल्या क्लबने २००७ मध्ये जुन्या विंबल्डनची मानचिन्हे त्या भागातील मर्टन नगरपरिषदेच्या स्वाधीन केली. नोव्हेंबर २०२० मध्ये तर जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, प्लाउ लेनवरच, संघाचे नवे मैदान सुरू झाले.

या यशोगाथेतला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग खेळाच्या मैदानावर घडलेला नाही. मैदानाच्या बांधकामाचा खर्च अंदाजाबाहेर गेला, तेव्हा २०१९ च्या अखेरीस बाहेरच्या गुंतवणूकदारांना हिस्सा विकण्याचा विचार पुढे आला. अनुभवी कारभाऱ्यांना तो व्यवहार्य वाटत होता. सभासदांतून विरोध झाला. परंतु नुसत्या विरोधाने विटा येत नाहीत. म्हणून पाठीराख्यांनी कर्जरोख्यांची योजना आखली, आणि २०२० च्या पहिल्या काही आठवड्यांत ५० लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली. ज्याच्या हाती मत आहे त्याच्यावर पैसा उभा करण्याची जबाबदारीही येते, हा व्यवहार येथे लख्ख दिसतो.

प्रत्येक ठिकाणी असेच घडले नाही. एक्सेटर सिटीचा कारभार २००३ पासून तेथील पाठीराख्यांच्या ट्रस्टकडे आहे. २००५ साली मँचेस्टर युनायटेडसारख्या संघाशी कपाचा सामना खेळण्याची संधी मिळाली आणि तिच्या उत्पन्नाने कर्जाचा मोठा भार हलका झाला. दैवाचा हात म्हणावा तो हा. पोर्ट्समथची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. २००८ साली कप जिंकणारा हा क्लब मालकांमागून मालक बदलत २०१० व २०१२ असा दोनदा प्रशासकाच्या ताब्यात गेला. एप्रिल २०१३ मध्ये ट्रस्टने आणि त्याच्या साथीला आलेल्या काही सधन पाठीराख्यांनी तो विकत घेतला. दोन हजारांहून अधिक माणसांनी प्रत्येकी १,००० पौंड मोजले होते. जुनी देणी फिटली, संघ सावरला. आणि २०१७ साली त्याच सभासदांनी बहुमताने तो अमेरिकन उद्योगपती मायकेल आयस्नर यांच्या कंपनीस विकला. जुनाट मैदानाच्या दुरुस्तीचा खर्च आपल्या आवाक्याबाहेरचा आहे, हे त्यामागचे कारण होते.

या विक्रीला काहींनी पराभव म्हटले. तसे म्हणणे न्यायाचे नाही. विंबल्डनच्या सभासदांनी विकायचे नाही असे ठरवले, पोर्ट्समथच्या सभासदांनी विकायचे ठरवले. निर्णय दोन्हीकडे त्यांचाच होता. खरा पराभव झाला तो वेल्समधील स्वॉन्सी सिटीत. २००१ साली एका पौंडाला विकला गेलेला तो क्लब वाचवण्यात ट्रस्टचा मोठा वाटा होता. सुमारे २१ टक्के समभाग आणि संचालक मंडळावर एक निर्वाचित प्रतिनिधी, अशी त्याची भक्कम वाटणारी स्थिती होती. २०११ मध्ये क्लब प्रीमियर लीगमध्ये गेला तेव्हा या ‘स्वॉन्सी पद्धती’चे गोडवे सर्वत्र गायले गेले. २०१६ साली इतर बड्या भागधारकांनी आपले समभाग एका अमेरिकन गटाला विकले. आपल्याला वाटाघाटींपासून दूर ठेवण्यात आले, अशी ट्रस्टची तक्रार होती. ती तक्रार न्यायालयाच्या दारापर्यंत जाऊन २०२२ मध्ये तडजोडीने मिटली. बहुसंख्य समभागांची मालकी नाही, नकाराधिकारही नाही, अशी खुर्ची म्हणजे बातमी इतरांच्या आधी कळण्याची सोय एवढीच. स्वॉन्सीत तर तीही झाली नाही.

पाठीराख्यांच्या मालकीवर घेतले जाणारे आक्षेप उडवून लावण्यासारखे नाहीत. भांडवल तुटपुंजे असते. भावनेच्या भरात हिशेब चुकतो. सभासदांच्या मालकीचा असलेल्या बार्सिलोनासारख्या बलाढ्य क्लबचे कर्ज २०२१ मध्ये एक अब्ज युरोंच्या पलीकडे गेल्याचे त्याच्याच अध्यक्षांनी सांगितले, तेव्हा लोकशाही असली की काटकसर येते हा समज टिकत नाही. २००८ साली संगणकाच्या जाळ्यावरून देशोदेशींचे हजारो सभासद जमवून एब्सफ्लीट युनायटेड हा क्लब घेण्यात आला. वर्गणी पुन्हा भरण्याची वेळ आली तशी ती गर्दी ओसरत गेली आणि २०१३ मध्ये क्लब दुसऱ्याच्या हाती गेला. मत दिले म्हणजे आस्था येते असे नाही. आधी आस्था असावी लागते.

परंतु या आक्षेपांसमोर खाजगी मालकीचा हिशेबही मांडला पाहिजे. १८८५ साली स्थापन झालेला, दोनदा कप जिंकलेला बरी हा क्लब डिसेंबर २०१८ मध्ये एका पौंडाला विकला गेला आणि देणी भागवता न आल्याने ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून काढला गेला. कार्डिफ सिटीच्या मालकांनी संघाचा परंपरागत निळा पोशाख २०१२ साली लाल करून टाकला; तो पुन्हा निळा व्हायला २०१५ उजाडले. एप्रिल २०२१ मध्ये सहा बड्या इंग्लिश क्लबांच्या मालकांनी युरोपीय ‘सुपर लीग’चा बेत परस्पर जाहीर केला आणि पाठीराखे रस्त्यावर उतरताच दोन दिवसांत गुंडाळला. त्या संतापातूनच ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी झाली आणि तिच्या शिफारशींतून नवा कायदा आला.

जर्मनीने वेगळी वाट धरली. तेथे १९९८ पासून क्लब कंपनी झाला तरी निम्म्याहून अधिक मते मूळ सभासद-संस्थेकडेच राहिली पाहिजेत असा नियम आहे. लेव्हरकुझेन आणि वोल्फ्सबर्ग या कारखान्यांच्या पोटी जन्मलेल्या क्लबांना त्यातून सवलत मिळाली. लीगच्या माध्यमहक्कांच्या उत्पन्नात बाहेरच्या गुंतवणूकदाराला वाटा देण्याची योजना २०२४ च्या फेब्रुवारीत सोडून द्यावी लागली, कारण प्रेक्षकांनी आठवडेच्या आठवडे मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले होते. चेंडूंचे चित्र वृत्तपत्रांतून झळकले. त्यांना वजन मात्र आले ते फेकणारी माणसे आपापल्या क्लबची मतदार होती म्हणून.

इंग्लंडच्या कायद्यात हे वजन नाही. त्याने सल्ला सक्तीचा केला, निर्णय पूर्वीप्रमाणेच मालकाकडे ठेवला. बोधचिन्ह आणि रंग यांना संरक्षण मिळाले हे योग्यच झाले, तथापि तिकिटाचे दर, कर्जाचा बोजा आणि क्लबची विक्री या बाबतींत पाठीराखा सल्लागारच राहतो. सल्लागार मंडळात कोणाला बोलवावे हेही क्लबच ठरवू लागला, तर मालकाला सोयीची माणसे तेथे दिसू लागतील. अशी मंडळे आपल्याकडेही थोडी नाहीत. म्हणून प्रत्येक क्लबच्या लोकशाही पद्धतीने चालणाऱ्या ट्रस्टला एक विशेष समभाग द्यावा, आणि मैदानाची विक्री, स्थलांतर व नव्या स्पर्धेत प्रवेश या तीन गोष्टी त्याच्या मताशिवाय होऊ नयेत, ही मागणी वाजवी आहे. क्राउच यांच्या अहवालात अशा ‘सुवर्ण समभागा’ची शिफारस होती. कायद्यात मात्र तिची जागा नियामकाच्या संमतीने घेतली. नियामक सरकारने नेमलेला असतो, आणि सरकारे बदलतात. २००२ साली विंबल्डनच्या स्थलांतराला संमती देणारा आयोगही रीतसर नेमलेलाच होता.