विज्ञान हवे, ज्ञानबंदी नको

देहूरोडच्या बुद्धविहारात रविवारची वंदना आटोपून बाहेर पडलो, तर कामशेतकडची एक उपासिका मुलाला घेऊन वाट पाहत उभी. मुलाने डिप्लोमा केलेला. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात प्रशिक्षणार्थी म्हणून त्याची निवड झालेली. हातात पेढ्यांचा पुडा. मी पोराची पाठ थोपटली, पेढा तोंडात टाकला आणि निघणार, तोच ती म्हणाली, "वकीलसाहेब, तिथं भट्टीजवळ किरणं असत्यात म्हणं. पोराच्या अंगाला किती लागली ते त्याला कुणी सांगंल का? का इचारायचीच बंदी?"

वडगाव मावळच्या कोर्टात वीस वर्षे काळा कोट घालतो आहे. सातबारा, भूसंपादन, पोटगी यांबद्दल लोक रोज विचारतात. हा प्रश्न मात्र पहिल्यांदाच आला, आणि तो विचारणारी बाई चौथी शिकलेली होती.

अणुभट्टी म्हटले की आपल्याकडे एक तर देशाभिमानाने हात जोडले जातात, नाही तर भीतीने पाठ फिरवली जाते. बुद्धाच्या अनुयायांना दोन्ही शोभत नाही. आधी वस्तुस्थिती पाहू. ट्रॉम्बेच्या भट्ट्या वीज तयार करण्यासाठी नाहीत, त्या प्रयोगाच्या भट्ट्या आहेत. युरेनियमचा अणू फोडून न्यूट्रॉन मिळवायचे, त्यांच्या माऱ्याखाली इंधन आणि धातू तपासायचे, कर्करोगाच्या उपचारासाठी समस्थानिके तयार करायची आणि माणसे शिकवायची, हे त्यांचे काम. पहिली भट्टी 'अप्सरा', एक मेगावॅटची, पाण्याच्या हौदात बुडवलेली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ती सुरू झाली. इंधन ब्रिटनचे, पण भट्टी आपल्याच अभियंत्यांनी उभारली. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपुरात धम्मदीक्षा झाली. पुढे १९६० मध्ये कॅनडाच्या मदतीने 'सायरस', १९६१ मध्ये 'झर्लिना', १९७२ मध्ये 'पूर्णिमा', १९८५ मध्ये शंभर मेगावॅटची 'ध्रुव'. सायरस २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली आणि २०१८ मध्ये 'अप्सरा-यू' सुरू झाली. या कामाचा अभिमान मलाही आहे.

नावांचे मात्र नवल वाटते. भट्ट्यांना अप्सरा आणि ध्रुव, म्हणजे नावे पुराणातली. बुद्धाची आठवण झाली ती बॉम्बच्या वेळी! सायरसच्या प्लुटोनियमवर १९७४ मध्ये पोखरणला स्फोट झाला आणि त्याला 'बुद्ध हसला' हे शब्द कायमचे चिकटले. १९९८ मध्ये पुन्हा स्फोट केले तो ११ मे हा दिवस तर बुद्धपौर्णिमेचाच होता. ज्याने वैराने वैर शमत नाही असे सांगितले, त्याचे हसू कोणाला कशात दिसेल, याचा नेम नाही.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे येतो. आपल्या देशात अणुभट्टीच्या आधी कुलूप आले. अप्सरा सुरू झाली १९५६ मध्ये. गुप्ततेचा कायदा झाला १९४८ मध्ये. एप्रिल १९४८ मध्ये अणुऊर्जा विधेयकावर संविधान सभेत चर्चा झाली, तेव्हा कृष्णमूर्ती राव या सदस्यांनी नेमका मुद्दा काढला होता. ब्रिटनच्या कायद्यात गुप्तता संरक्षणाच्या कामापुरती आहे, मग आपल्याकडे सगळ्याच संशोधनावर पडदा कशासाठी? पंडित नेहरूंचे उत्तर असे की शांततेसाठीचे काम आणि संरक्षणासाठीचे काम वेगळे काढणे कठीण आहे. त्यानंतर १९६२ चा कायदा आला. त्याच्या कलम १८ ने सरकारला अणुकेंद्राची जवळपास कोणतीही माहिती रोखण्याचा अधिकार दिला.

वेद ऐकला म्हणून शूद्राच्या कानात तापलेले शिसे ओतावे, अशी आज्ञा ज्या धर्मशास्त्राने दिली, त्याच्या व्यवस्थेत आपले वाडवडील जगले. ज्ञानबंदी म्हणजे काय हे आपल्याला शिकवायला नको. बॉम्ब कसा बनवतात हे मला कळायला नको. ते गुप्तच राहो. पण भट्टीच्या नळाला गळती आहे का, झडप वेळेवर बदलली का, कामगाराच्या अंगावर किती किरणोत्सार गेला, हे शत्रूपासून लपवायचे की आपल्याच माणसापासून?

प्रयोग म्हटला की चूक होणार. आपली सायरस कॅनडातील चॉक रिव्हरच्या 'एनआरएक्स' या भट्टीच्या धर्तीवर बांधली गेली. त्या एनआरएक्समध्ये १२ डिसेंबर १९५२ रोजी नियंत्रक दांडे वेळेवर खाली गेले नाहीत, इंधन वितळले आणि लाखो लिटर किरणोत्सारी पाणी तळघरात साचले. कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी काय चुकले याचा अहवाल लिहिला आणि जगाला वाचू दिला. अमेरिकेत आयडाहोच्या चाचणी केंद्रात ३ जानेवारी १९६१ रोजी 'एसएल-१' या छोट्या लष्करी भट्टीचा एकच दांडा हाताने प्रमाणाबाहेर वर ओढला गेला आणि तीन जण मेले. त्याचीही चौकशी उघड झाली. एका दांड्यावर भट्टीचे भवितव्य अवलंबून ठेवू नये, हा धडा जगाने त्यातून घेतला. उलट ब्रिटनने १९५७ च्या विंडस्केल आगीचा मूळ अहवाल तीस वर्षे दाबून ठेवला. म्हणजे दडपण्याचा रोग काही आपलाच नाही.

आपल्याकडे काय झाले? अणुऊर्जा नियामक मंडळाने १९९५ मध्ये देशातील अणुकेंद्रांतील सुरक्षेच्या सुमारे १३० त्रुटींचा अहवाल तयार केला. तो जनतेला द्या म्हणून पीयूसीएल आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. सर्वोच्च न्यायालयानेही ६ जानेवारी २००४ रोजी कलम १८ वैध ठरवले आणि अहवाल बंदच राहिला. त्याआधी २००० मध्येच भाभा केंद्राला नियामक मंडळाच्या देखरेखीतून काढून केंद्राच्या अंतर्गत समितीकडे सोपवले होते. परीक्षा देणाराच पेपर तपासणार! वकील म्हणून न्यायालयाचा मान राखतो, पण हा निकाल वाचताना संविधानाचे कलम २१ आठवल्यावाचून राहत नाही.

भिंतीबाहेर राहतात कोण, हेही बघा. ट्रॉम्बेजवळच्या जनता कॉलनीत सुमारे सत्तर हजार गरीब माणसे राहत होती. शहरातून हलवून त्यांना तिथे वसवले होते महापालिकेनेच. जागा अणुकेंद्राला हवी होती. आणीबाणीत, १९७६ मध्ये, वस्ती पाडली आणि माणसे चीता कॅम्पच्या दलदलीत नेऊन टाकली. मावळच्या माणसाला हे नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून लोणावळा-वळवणला टाटांची धरणे झाली. पवनेच्या जलवाहिनीला विरोध केला म्हणून ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. लोणावळ्यातच आयएनएस शिवाजीवर २०१८ पासून 'अभेद्य' या केंद्रात नौसैनिकांना किरणोत्साराशी सामना करण्याचे प्रशिक्षण मिळते. चांगलेच आहे. मानखुर्दच्या कंत्राटी सफाई कामगाराला ते कोणी द्यायचे?

बाबासाहेब विजेच्या आणि उद्योगांच्या बाजूचे होते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना देशाच्या वीज धोरणाचा पाया त्यांनी घातला. पण डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला गेले ते वरूनच पाहणी करून परतले नाहीत. मजूर कशा स्थितीत काम करतात हे पाहायला स्वतः खाणीत उतरले. एहिपस्सिको, म्हणजे या आणि पाहा, असे तथागतांनी धम्माबद्दलही सांगितले. मग अणुभट्टी धम्माहून पवित्र आहे काय?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' कायदा मंजूर करून १९६२ च्या कायद्याला निरोप दिला. नियामक मंडळाला कायद्याचा आधार मिळाला, हे योग्यच. पण खासगी कंपन्यांना दार उघडले आणि माहिती गोपनीय ठरवण्याचा अधिकार मात्र सरकारने आपल्या हातातच ठेवला. म्हणजे कुलूप तेच, आत नफा कमावणारेही येणार. आपल्या वकिलांनी हा कायदा कलमागणिक वाचायला हवा. आपल्या संघटनांच्या निवेदनांत आरक्षण आणि अत्याचार असतात, असलेच पाहिजेत. त्यांच्यासोबत अणुकेंद्रांतील कंत्राटी कामगारांच्या किरणोत्साराच्या नोंदींची मागणीही गेली पाहिजे.

त्या बाईला मी म्हणालो, "ताई, पोराला पाठवा. विचारायला बंदी नाही." मुलाला बाजूला घेऊन सांगितले की किरणोत्सारात काम असेल तर मात्रा मोजणारा बिल्ला छातीवर लागतो, तो खिशात किंवा टेबलाच्या खणात ठेवायचा नाही. पाच वर्षांत शंभर मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात तीस, ही नियामक मंडळाने घालून दिलेली मर्यादा पाठ कर. स्वतःची नोंद पाहण्याची सोय २००४ च्या नियमांनी कामगाराला दिली, तेव्हा ती लेखी माग आणि पोच घे. त्याने सगळे वहीत उतरवून घेतले. मग मान वर न करता विचारले, "सर, आणि माझ्यासोबतच्या कंत्राटी पोरांची नोंद मला मागता येईल का?"